नव्या पुस्तकांपुढचं गाऱ्हाणं

देवळात बायकांनी गाऱ्हाणं घालायचं नसतं, म्हणून कुमुद आरोलकरनं ते वाचनालयात घातलं. पुढचं सगळं तिथून सुरू झालं.

वेळवाडीत अजूनही जत्रेच्या दिवशी गावकर हातात नारळ घेऊन देवासमोर उभा राहतो आणि गावाची दुःखं मोठ्यानं सांगतो. कुणाची होडी परत आली नाही, कुणाच्या पोरीचं जुळत नाही. त्याचं एकेक वाक्य संपलं की मागची माणसं एका आवाजात म्हणतात, “व्हय म्हाराजा!” कुमुदचे वडील हे गाऱ्हाणं घालायचे. त्यांच्या आवाजानं सभामंडपातले पारवे उडत. खांबाआड उभी राहून लहानगी कुमुद ओठांतल्या ओठांत सगळं म्हणायची. शब्द तिला आले, आवाज मात्र आला नाही. तीस वर्षं ती वेळवाडी सार्वजनिक वाचनालयाची ग्रंथपाल होती आणि पेपरच्या टेबलाशी कायम बसलेले बाबलकाका म्हणायचे, “आमच्या कुमुदपेक्षा ती ‘शांतता राखा’ची पाटी मोठ्यान बोलता.”

कथाकोठी नावाचं यंत्र आलं ते अशा वाचनालयात. तोवर नवी कादंबरी गावापर्यंत पोचणं बंदच झालं होतं. कागद महागला, वाहतूक महागली, आणि छापलेली चार पुस्तकं शहरातच संपायची. ‘नवीन आवक’ लिहिलेल्या फळ्याखालचं कपाट वर्षभर रिकामं होतं. मग एका कंपनीनं लहान वाचनालयांना ही यंत्रं दिली. गोदरेजच्या कपाटाएवढं धूड, वर एक हिरवा दिवा, खाली पुस्तकं बाहेर येण्याचा कप्पा. दर गुरुवारी ते तीन नव्या कादंबऱ्या बांधून द्यायचं, प्रत्येकीच्या पाच-पाच प्रती. कागद तोच तो. वाचून परत आलेलं पुस्तक पोटात घ्यायचं, गरम हवेनं त्याची शाई उडवायची, आणि पुढच्या गुरुवारी त्याच पानांवर दुसरी गोष्ट.

“काकू, याला गोष्ट सुचत नाही बरं का,” यंत्र बसवायला आलेल्या प्रतीकनं सांगितलं होतं. “यानं लाखो गोष्टी चाळल्यात. कुठल्या शब्दामागून कुठला शब्द येतो, एवढाच अंदाज ते बांधत जातं. शब्दाला शब्द, वाक्याला वाक्य. तुम्ही स्वेटर विणताना पुढचा टाका हाताला आपोआप कळतो ना, तसं. पण लोकर तुम्ही द्यायची. तुमच्या वाचकांना काय हवंय ते सांगाल तितकी गोष्ट तुमच्या गावची होईल.”

कुमुदनं मान डोलावली. पडद्यावर एक खोका होता, त्यात ती दर गुरुवारी बोटानं लिहायची: विनोदी एक, रहस्यकथा एक, कौटुंबिक एक. लोकर द्यायची म्हणजे एवढंच, असं ती समजली.

गुरुवार तिचा उपासाचा. पहिल्या गुरुवारी तिनं यंत्राला हळदकुंकू लावलं, समोर उदबत्ती फिरवली. वाचनालयात कुणी नव्हतं. का कोण जाणे, हात जोडले गेले आणि वडिलांचे शब्द तोंडात आले. “बा देवा म्हाराजा…” बाबलकाकांच्या मोतीबिंदूपासून तिनं सुरुवात केली, पोस्टातल्या नाईकांच्या रुसून गेलेल्या मुलापाशी संपवलं. पुटपुटतच. संपल्यावर उगाच थांबली, कारण गाऱ्हाण्याला होकार लागतो आणि होकार द्यायला मागे कुणीच नव्हतं.

हिरवा दिवा लुकलुकला. यंत्र म्हणालं, “व्हय.”

कुमुद दचकली, मग तोंडाला पदर लावून हसत सुटली. कंपनीनं यंत्राला मालवणी शिकवलीय म्हणायची! ‘म्हाराजा’ तेवढं राहिलं होतं. पण त्या एका ‘व्हय’नं तिच्या अंगावर काटा आला. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी तिच्या गाऱ्हाण्याला होकार दिला होता.

त्यानंतर एक गुरुवार चुकला नाही. आणि नव्या कादंबऱ्या गावानं डोक्यावर घेतल्या. एकीत होडीवर जाणाऱ्या खारवी म्हाताऱ्याचा रुसून गेलेला मुलगा परत येतो. पोस्टातले नाईक ती वाचून दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशी मुलाला फोन केला. “आपल्याच गावची वाटते गो गोष्ट,” बायका म्हणायच्या. कुमुद हसून पुस्तकावर तारीख टाकायची. देव ऐकतोय, असं तिला वाटायचं. आपलं ऐकतोय.

कुमुदचं सगळ्यात मोठं गाऱ्हाणं धुरीबाईंचं होतं.

इंदुमती धुरी म्हणजे गावच्या शाळेच्या मराठीच्या बाई. वेळवाडीत आज जो कुणी ऱ्हस्वदीर्घ नीट लिहितो, तो बाईंच्या छडीमुळे. निवृत्त झाल्यावरही श्रावणात देवळात पोथी वाचण्याचा मान त्यांचाच. गेल्या वर्षी एका सकाळी त्या उठल्या आणि पेपर त्यांना परक्या लिपीत छापल्यासारखा दिसला. बेळगावच्या डॉक्टरांनी कागदावर मेंदूचं चित्र काढून समजावलं. मागच्या बाजूला, डावीकडे, रक्ताची बारीकशी गुठळी अडकून गेली होती. डोळे ठणठणीत. बोलणं, आठवण, अगदी लिहिणंसुद्धा शाबूत. फक्त डोळ्यांनी पाहिलेलं अक्षर भाषेच्या घरापर्यंत नेणारी वाट तेवढी मोडली होती. बाई पूर्वीच्याच वळणदार अक्षरात चिठ्ठी लिहायच्या, आणि क्षणभरानं तीच चिठ्ठी त्यांना वाचता यायची नाही.

डॉक्टरांकडे बाई एकट्याच गेल्या होत्या. घरी सुनेलासुद्धा त्यांनी सांगितलं नाही. कुमुदला सांगितलं, कारण पुस्तक न वाचता परत करताना ती एकटीच पकडू शकली असती.

“अक्षरं ओळीत उभी असतात गो,” त्या म्हणाल्या होत्या, “पण ओळखीचं एक नाही. परक्या गावच्या जत्रेत हात सुटल्यासारखं होतं.”

तेव्हापासून कुमुद नवी कादंबरी आधी घरी नेऊन वाचायची आणि दुपारी, वाचनालय रिकामं असताना, बाईंना सांगायची. मग बाई तेच पुस्तक काखेत मारून चारचौघींत त्यावर बोलायच्या. फोन पुस्तकं वाचून दाखवतो हे बाईंना ठाऊक होतं. “त्याच्या तोंडून ऐकायला मी काय हवामान ऐकतेय?” असं म्हणून त्यांनी तो विषय मिटवला होता. पोथीची चिंता नव्हती. ती तोंडपाठ होती, अंदाजानं पान उलटलं की झालं.

हे सगळं कुमुदनं गाऱ्हाण्यात घातलं होतं. जत्रा, सुटलेला हात, अंदाजानं उलटलेली पानं. एका गुरुवारी नव्हे, दर गुरुवारी, आणि दर वेळी थोडं अधिक नीट, अधिक रंगवून. ते सांगताना तिच्या पुटपुटण्याला एक लय यायची, वडिलांचा आवाज गळ्यात उतरल्यासारखा वाटायचा. शेवटी ती मागायची, “तिची अक्षरा तिका परत दी रे म्हाराजा.”

“व्हय,” यंत्र म्हणायचं.

श्रावणातल्या एका गुरुवारी देवळात प्रसादाची गडबड होती, म्हणून कुमुदनं नवी पुस्तकं कपाटात लावली, मागतील त्यांना दिली आणि आपली प्रत पिशवीत टाकून घरी गेली. उपास सोडून ती वाचायला बसली. कादंबरीतली बाई निवृत्त शिक्षिका होती. श्रावणात देवळात पोथी वाचायची, आणि तिला अक्षर वाचता येत नव्हतं. नाव वेगळं होतं. चौथ्या प्रकरणात ती मैत्रिणीला म्हणाली, परक्या गावच्या जत्रेत हात सुटल्यासारखं होतं.

कुमुदनं पुस्तक मिटलं, पुन्हा उघडलं. वाक्य तिथंच होतं.

“काकू, ते ऐकतंच ना,” दुसऱ्या दिवशी सकाळी प्रतीक फोनवर शांतपणे म्हणाला. “समोर माणूस उभं राहून बोललं की दिवा लागतो. वाचकांच्या गरजा तोंडी सांगायची सोय आहे ती. ‘व्हय’ म्हणजे नोंद झाली. तुमची लोकर तर आमच्या सगळ्या वाचनालयांत नंबर एक आहे! एवढं भरभरून कुणी बोलतच नाही.”

तिनं फोन ठेवला, यंत्राचं बटण बंद केलं आणि दारोदार फिरून प्रती गोळा करायला लागली. “छपाईत चूक झालीय,” असं सांगत. स्वतःची धरून चार झाल्या. पाचवी छाया सामंतकडे होती. छायाच्या नवऱ्याकडे देवस्थानचा कारभार होता आणि छायाकडे नवऱ्याचा. “अय्या, ती होय? जावेकडे दिली. मग नणंद मागत होती,” छाया म्हणाली. “कुमुदताई, छान आहे हो. अगदी डोळ्यांसमोर माणूस उभं राहतं.”

चारही प्रती कुमुदनं यंत्र पुन्हा चालू करून त्याच्या पोटात घातल्या. गरम हवा सूं करून फिरली, पानं पांढरीशुभ्र झाली. गाव काही कोरं झालं नाही.

सोमवारी देऊळ भरलेलं होतं. बाई नेहमीसारख्या आल्या, चौरंगासमोर बसल्या, लाल फडकं सोडलं, पोथीला हात जोडले आणि सुरुवात केली. स्वच्छ, खणखणीत. अध्याय रंगला. योग्य जागी त्या थांबल्या, योग्य जागी पान उलटलं. कुमुद खांबाशी उभी होती, आणि तिला दिसत होतं की आज बायका पोथी ऐकत नाहीयेत, बाईंचे डोळे बघतायत.

आरती झाली. छाया गोड हसत पुढे आली.

“बाई, रागावू नका हं. फडक्यात आज चुकून दुसरीच पोथी बांधली गेली होती. तुम्ही मात्र तोच अध्याय वाचलात!”

कुणीतरी खुदकन हसलं. कुणीतरी “श्श” केलं. बाईंनी उघड्या पोथीकडे पाहिलं, जणू ती स्वतःहून काही सांगेल. मग त्यांनी पोथी मिटली, फडक्याची गाठ नीट बांधली, नेहमीसारखी दुहेरी.

“अस्सं का,” त्या म्हणाल्या. “चुकलं हो माझं.”

आणि उठून चालू लागल्या. त्या कुमुदच्या अगदी जवळून गेल्या. कुमुदच्या हातात प्रसादाचा द्रोण होता. तिला बोलता आलं असतं. निदान सोबत चालता आलं असतं. ती द्रोणातल्या शिऱ्याकडे बघत उभी राहिली, आणि तो शिरा पुढे तिला घशाखाली घालवेना, टाकवेना.

मंगळवारी दुपारी बाई वाचनालयात आल्या. बाबलकाका पेपर तोंडासमोर धरून बसले होते, आणखी दोन-तीन माणसं होती. बाई नेहमीच्या खुर्चीवर बसल्या.

“कुमुद, गावात कुठलं पुस्तक एवढं चाललंय गो? मी दिसले की बोलणं थांबतं. सांग मला ते.”

“कुठलं बाई… ते? ते एका खारव्याचं आहे,” कुमुद म्हणाली. “त्याची होडी असते. एकदा वादळ येतं. तर तो…”

“शाळेत थाप मारताना तू वेणीचं टोक चावायचीस,” बाई म्हणाल्या. “आता चष्म्याची दांडी चावतेस. मास्तरीण आहे ना त्यात?”

कुमुदनं दांडी तोंडातून काढली. “आहे.”

“सांग. पहिल्यापासून. गाळू नको काही.”

कुमुदनं सांगितलं. आजवर तिनं बाईंना कितीतरी गोष्टी सांगितल्या होत्या, पण अशी अडखळत कधी नाही. बाई डोळे मिटून ऐकत होत्या. मध्येच त्यांनी हात वर केला.

“जत्रेचं आहे त्यात? हात सुटल्याचं?”

“आहे.”

बाईंनी डोळे उघडले.

“ते मी फक्त तुला म्हटलं होतं.”

“मी कुणाला सांगितलं नाही, बाई! शप्पथ. मी फक्त देवाला सांगितलं. या यंत्रासमोर गाऱ्हाणं घालायचे, तुमच्यासाठी. मला काय ठाऊक ते ऐकतंय. तुम्हाला बरं वाटावं म्हणून…”

“देवाला सांगायला एवढा तपशील कशाला लागतो गो?” बाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. “त्याला ठाऊक नसतं?”

कुमुदला त्या गुरुवारांची लय आठवली. दुसऱ्याचं दुःख जिभेवर फिरताना यायची ती गोडी, उपासाच्या दिवशी तोंडात विरघळणाऱ्या खडीसाखरेसारखी. ती प्रार्थना होती, ते खरं होतं. पण पाणवठ्यावर छायानं केली असती ती कुजबूजही तीच होती, नुसती हात जोडून केलेली. आणि इतक्या गुरुवारांत तिनं स्वतःचं एक अक्षर देवापुढे काढलं नव्हतं. मान वर करायची तिला लाज वाटली.

“शेवट काय केलाय?” बाईंनी विचारलं.

“शेवटी… अक्षरं परत मिळतात.”

“मग ती मी नव्हे,” बाई हसल्या, अगदी थोडंसं. “यंत्राला हे कुठून सुचलं?”

“मी तेच मागायचे, बाई. दर वेळी.”

खिडकीतून बाहेर बघत बाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

“चालू आहे का ते धूड?”

“बंद करते.”

“असू दे चालू. घाल गाऱ्हाणं. तुझं स्वतःचं.”

कुमुद उठली. यंत्रासमोर उभी राहिली. हिरवा दिवा लागला. ती पुटपुटली.

“ऐकू आलं नाही,” मागून बाईंचा वर्गातला आवाज आला. “मागच्या बाकापर्यंत पोचलं पाहिजे.”

“बाई, लोक आहेत…”

“देवळातही होते.”

कुमुदनं हात जोडले. भिंतीवर ‘शांतता राखा’ची पाटी होती. तिच्याखाली उभी राहून ती जन्मात पहिल्यांदा मोठ्यानं बोलली, आणि आवाज फाटला तरी थांबली नाही.

“बा देवा म्हाराजा! आज ह्या वाचनालयात उभी रवान ही तुझी कुमुद गाऱ्हाणा घालता हा. जा पोटात ठेवूक होया होता, ता हिणा ओठार आणल्यान. दुसऱ्याच्या दुख्खाची गोडी हिच्या जिभेक लागली. देवळात बाईंचो मान गेलो, तेवा ही प्रसादाचो द्रोण धरून गप उभी रवली. जो काय गुन्हो झालो असात, तो हिच्या पदरात घाल रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” पेपरामागून बाबलकाका सवयीनं गरजले. मग पेपर खाली आला आणि मोतीबिंदूचे डोळे भांबावून इकडेतिकडे बघू लागले.

“व्हय,” यंत्र म्हणालं. येत्या गुरुवारी कुणाची कादंबरी येणार, ते ठरून गेलं.

कुमुद मागे वळली. ती एका तिसऱ्या होकाराची वाट बघत होती.

बाई मात्र खुर्चीवरून उठून ‘नवीन आवक’च्या फळ्यापाशी गेल्या होत्या. त्यांनी फडक्यानं तो पुसला, खडू उचलला, टोक मोडून सारखं केलं. शिरोरेघ आधी मारायची त्यांची पद्धत. भरभर, न थांबता, वळणदार अक्षरात त्यांनी चार ओळी लिहिल्या आणि हाताला लागलेला खडू झटकला.

“वाच,” त्या म्हणाल्या. “मोठ्यानं. काय लिहिलं ते मला आठवतंय, पण तसंच उमटलंय की नाही, ते मला दिसत नाही.”

कुमुद फळ्यासमोर आली. वाचनालयातली माणसं खुर्च्या सरकवून वळली होती. तिला वाटलं, आपण ह्या ओळी न वाचता इथून निघून जावं, खाडी ओलांडून कुठंही. पण ती चौथीत असताना याच आवाजानं ‘वाच’ म्हटलं की पाय जमिनीला चिकटायचे, तसे चिकटले.

“‘मला… मला वाचता येत नाही,’” कुमुदनं वाचलं. “‘नवीन पुस्तके दररोज दुपारी या ठिकाणी मोठ्याने वाचली जातील. ज्यांना माझे डोळे तपासायचे असतील त्यांनीही यावे, चहा मिळेल. इंदुमती धुरी.’”

कुणी हसलं नाही. बाबलकाकांनी चष्मा काढून धोतराला पुसला.

“ऱ्हस्वदीर्घ?” बाईंनी विचारलं.

कुमुदनं डोळे पुसून पुन्हा पाहिलं. “बरोबर आहेत, बाई.”

“ठीक.” बाई खुर्चीवर जाऊन बसल्या, पदर सावरला. “आता गोष्ट सांगायची नाही हं कुमुद. सांगताना तू रंगवतेस. वाचायची. आहे तशी, शब्दन् शब्द.”

कुमुदनं कपाटातलं वरचं पुस्तक काढलं. पहिलं पान उघडलं, आणि तरीही ती तशीच उभी राहिली, बाईंच्या तोंडाकडे बघत.

बाईंनी डोळे मिटले होते. “माझ्या ‘व्हय’ची वाट नको बघूस,” त्या म्हणाल्या. “ते एवढ्यात नाही मिळायचं. तू वाच.”